धर्मादाय खाते

देण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांची वाण नाही. दान आहे, देणगी आहे, वर्गणी आहे, मदत आहे. शिवाय 'फूल ना फुलाची पाकळी' आहेच. शब्दांच्या छटा समजावून सांगण्याबद्दल मला महाविद्यालयात पगार मिळतो, तेव्हा आरंभीच थोडी शिकवणी केली तर वाचकांनी रागावू नये. दान देणारा एक पायरी वर उभा असतो आणि घेणारा एक पायरी खाली. देणगी देणाराचे नाव भिंतीवरच्या संगमरवरी फरशीवर लागते. वर्गणी म्हणजे मात्र बरोबरीच्या माणसांनी आपापला वाटा उचलणे. निदान वर्गात मी तरी असे सांगते. बाजारपेठेत या शब्दाला निराळाच अर्थ आला आहे. चारपाच माणसे हातात पावतीपुस्तक घेऊन दुकानाची पायरी चढू लागली की गल्ल्यावर बसलेल्या शेठजींच्या चेहऱ्यावर तो अर्थ स्वच्छ वाचता येतो. शेठजी एकदम खाली वाकून काहीतरी शोधू लागतात, किंवा त्यांना कोणाचा तरी अत्यंत महत्त्वाचा फोन येतो. नोकर सांगतो, "मालक बाहेर गेलेत." आणि मालक त्याच्या पाठीशीच बसलेले असतात!

यात शेठजींना हसण्यासारखे फारसे नाही. गणपती, नवरात्र, दहीहंडी, जयंत्या, क्रिकेटचे सामने, कोणाचा सत्कार, कोणाचे शिबीर. वर्षाकाठी किती पावतीपुस्तके त्यांच्या पायऱ्या चढतात हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. त्यांतल्या काहींना 'नाही' म्हटले तर दुकानापुढे उभे राहून मोठ्याने बोलणारी तरणीबांड पोरेही असतात. अशा पेठेत आमच्यासारख्या लहान धर्मादाय संस्थेने जावे तरी कोणत्या तोंडाने?

आमची संस्था म्हणजे फार काही नव्हे. मी राहते त्या डोंबिवलीत आम्ही काही मंडळी रुग्णांना लागणारे साहित्य वापरायला देण्याचे एक केंद्र चालवतो. महाराष्ट्रात पुष्कळ गावी अशी केंद्रे आहेत. चाकांची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारी खाट, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी हवेची गादी, असे सामान आम्ही अनामत रक्कम घेऊन देतो. काम झाले की सामान परत येते आणि अनामतही परत जाते. घरातली आजी न्हाणीघरात पडते, खुब्याचे हाड मोडते, इस्पितळातून घरी येताना डॉक्टर सामानाची यादी हातात देतात. तीन महिने लागणाऱ्या वस्तूंसाठी कर्ज काढायचे काय? आणि पुढे दोन खोल्यांच्या घरात ती खाट ठेवायची कुठे? एवढ्या अडचणीवर आमचे केंद्र हा उतारा आहे. ज्याच्या घरी पूर्वी कधी असे आजारपण आलेले नाही त्याला याचे महत्त्व पटवून देणे कठीण, आणि ज्याच्या घरी आले आहे त्याला काही सांगावे लागत नाही.

आमच्या सभांतून दर वर्षी कोणीतरी नवा उत्साही सभासद सुचवतो, "आपण मोठ्या कंपन्यांकडे का जात नाही? त्यांना तर कायद्यानेच द्यावे लागते." गोष्ट खरी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात १३५ वे कलम आहे. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटींचे, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा असेल, तिने आपल्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करायचे असतात. पण त्या दारी जायचे तर अहवाल, प्रस्ताव, तक्ते आणि फोटो लागतात. ते सारे तयार करायला एक माणूस पगारावर ठेवावा लागेल, आणि त्याचा पगार आमच्या चार खाटांच्या किमतीएवढा होईल. जमणाऱ्यांनी तिकडे जरूर जावे. पण मला नेहमी वाटते की लहान संस्थेचा आधार तिच्या हाकेच्या अंतरावर असायला हवा. रात्री आठ वाजता खुर्चीचे चाक निखळले तर कंपनीच्या समाजकार्य विभागाला फोन करून काय उपयोग? तिथे कोपऱ्यावरचा सायकलवालाच लागतो.

आणि लहान रकमांना हसू नये, हे आपल्याला आपल्या वाडवडिलांनी दाखवून दिले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला. टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घरोघर मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची पद्धत चालवली. एका मुठीने कोणाचे पोट भरत नाही, हे मूठ काढून ठेवणाऱ्या माउलीलाही कळत होते. पण रोज मूठ काढताना त्या मुलांची तिला आठवण होत असणार, आणि संस्थेला धान्याइतकीच त्या आठवणीची गरज असते.

तर आता आमच्या पेठेत जाऊ. तिथे वावरताना जे ध्यानात आले ते सांगते.

पहिली गोष्ट कोणाला कडू लागेल. ज्याच्या दुकानातून आपण साबणाची वडीही घेत नाही, त्याच्याकडे देणगी मागायला जाऊ नये. हल्ली आपण तांदूळ मॉलमधून आणतो, कपडे फोनवर मागवतो, औषधेही घरपोच येतात. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आपण जातो ते रात्री अचानक साखर संपली म्हणून, किंवा दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन पाचशेची नोट मोडायला म्हणून. आणि मग एके दिवशी हसतमुखाने जातो ते समाजकार्याचे पावतीपुस्तक घेऊन! तो तोंडावर काही बोलत नाही. पण तुमच्या घरी येणारी खोकी त्याच्याच दुकानावरून जात असतात, आणि ती त्याला दिसत असतात. म्हणून आमच्या केंद्राने एक नियम केला आहे. झाडू, फिनेल, साबण, कुलपे, वह्या, चहापावडर, जे काही लागते ते याच पेठेतून, रोख पैसे देऊन घ्यायचे. घासाघीस करायची नाही आणि 'संस्थेचे आहे, काही कमी करा' असेही म्हणायचे नाही. प्रथम चांगले गिऱ्हाईक व्हायचे, मागायचे ते त्यानंतर.

दुसरी गोष्ट अशी, की माणसाकडे त्याच्या धंद्यातली वस्तू मागावी. 'काहीतरी द्या' हे मागणे ऐकून देणाराही गोंधळतो. किती दिले म्हणजे बरे दिसेल? शेजारच्याने किती दिले? मग तो सुटकेसाठी एकशे एक रुपये पुढे करतो आणि दोघेही मनात खट्टू होतात. आमच्या चाकांच्या खुर्च्या वारंवार नादुरुस्त होत. मी सायकलवाल्यांकडे गेले आणि म्हटले, "भाऊ, पैसे नकोत. महिन्यातून एकदा आमच्या खुर्च्यांची चाके बघाल का? बेअरिंगला ग्रीस, ढिले झालेले नट, एवढंच." त्यांनी हातातले पंक्चरचे काम बाजूला ठेवले, खुर्ची उलटी करून चाक फिरवून पाहिले, आणि मला चार शब्द सुनावले, "बाई, असं चाक घेऊन तुम्ही आजारी माणसाला बसवता?" त्या दिवसापासून ते आमचे झाले. पैसे मागितले असते तर मी त्यांच्या गल्ल्यातल्या काही नोटा घेऊन आले असते. चाक दाखवले म्हणून त्यांच्या हातातली कला केंद्राला मिळाली, आणि तिच्यापुढे त्या नोटांची काय मातब्बरी!

मग हीच रीत आम्ही पुढे चालवली. गादीवाल्यांनी खाटांच्या गाद्यांची खोळ रेग्झिनची करून दिली, म्हणजे पुसता येते. टेंपोवाले काका रिकाम्या फेरीत खाट पोचवून देतात. भरल्या फेरीत आम्ही त्यांना विचारत नाही. छापखानेवाल्यांनी दुसऱ्या कामातून उरलेल्या कागदावर आमच्या नोंदवह्या छापून दिल्या. लॉन्ड्रीवाले चादरी धुऊन देतात, मात्र लग्नसराईत नाही. प्रत्येकाला त्याची सोय विचारायची आणि ती पाळायची.

सोयीचा विषय निघाला म्हणून वेळेविषयी सांगते. सकाळी भवानी होण्याआधी कोणाच्या दुकानात मागायला जाऊ नये. पहिल्या गिऱ्हाइकाआधी दारात याचक आला तर कोणाही दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते. वाण्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नये, तेव्हा तो घरोघरच्या याद्या भरत असतो. मार्चअखेर त्याचे डोके हिशेबात असते. गणपतीच्या आधीचा महिना तर वर्ज्यच. कापडवाल्याकडे दिवाळीआधी पंधरा दिवस आणि सोनाराकडे धनत्रयोदशीला जाणारा माणूस कितीही सज्जन असला तरी त्याला व्यवहार कळत नाही, असेच मी म्हणेन. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. (पुण्याच्या वाचकांनी आपली वेळ आपणच शोधावी.) एकट्याने जाऊ नये, पाच जणांनी तर मुळीच जाऊ नये. दोघांनी जावे. त्यांतला एक पेठेत ओळखीचा असावा, आणि दुकानात गिऱ्हाईक आले की दोघांनीही बाजूला व्हावे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्याविषयी आमच्यात विनोद आहे की ते देवळात घंटा वाजवली तरी पावती मागतील. पण केंद्र त्यांच्यामुळे टिकले. काही दुकानांच्या गल्ल्याशेजारी आमचे लहान डबे ठेवलेले आहेत. काकांचा दंडक असा, की डबा दुकानदारासमोर उघडायचा, त्याच्यासमोर मोजायचा, आणि आकडा कितीही लहान असो, पावती तिथल्या तिथे फाडायची. एकदा एका डब्यात एका महिन्याचे त्रेसष्ट रुपये निघाले. काकांनी त्रेसष्ट रुपयांची पावती अक्षरी रकमेसह लिहून दिली. दुकानदार ती बराच वेळ पाहत राहिले. "एवढी पावती आम्हाला घाऊकवालासुद्धा देत नाही," असे म्हणून त्यांनी ती काचेखाली ठेवली. अजून ती तिथे आहे.

व्यापाऱ्याला धर्मादाय ही गोष्ट नवी नाही. जुन्या पेढ्यांच्या खतावणीत धर्मादायाचे स्वतंत्र खाते असे. मालाच्या व्यवहारावर काही पैसे धर्मादाय म्हणून घ्यायचे आणि त्यातून पाणपोई, पांजरपोळ, धर्मशाळा चालवायची, ही आपल्याकडच्या बाजारांची रीत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने तिची दखल घेतली आहे. रूढीने असा गोळा केलेला पैसा व्यापाऱ्याचा स्वतःचा नसून तो त्याचा विश्वस्त असतो, असे त्यातले ५४ वे कलम सांगते. म्हणजे ज्याच्याकडे आपण जातो तो माणूस पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवत आला आहे. त्याच्यासमोर आपला हिशेब गचाळ असून कसे चालेल?

म्हणून त्याला कायद्याचे खरे तेही सांगावे. आयकरातली देणगीची सूट १९६१ च्या कायद्यातल्या कलमावरून '८०-जी' या नावाने सर्वतोमुखी झाली. ती मिळायची तर संस्थेला तशी मान्यता हवी. २०१७ पासून २००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली तर सूट नाही. तिथे चेक किंवा फोनवरून पैसे भरणे आले. वस्तूच्या रूपाने दिलेल्या देणगीला ती लागू नाही, आणि ज्याने कराची नवी पद्धत घेतली आहे त्यालाही नाही. ही सगळी 'नाही' मागणाऱ्यानेच आधी सांगावीत. सुटीचे आमिष दाखवून घेतलेली देणगी पुढच्या वर्षी कर-सल्लागाराच्या टेबलावर उघडी पडते, आणि मग त्या दुकानाची पायरी आपल्याला कायमची बंद होते.

हिशेब द्यायचा तो मात्र मागायला जाताना नव्हे. दिवाळी संपली, पेठ जरा निवांत झाली, की आम्ही एका पानाचा कागद घेऊन साऱ्या दुकानांतून जातो. किती खाटा किती घरी गेल्या, काय मोडले, काय नवे घेतले, शिल्लक किती, एवढेच त्यावर असते. पावतीपुस्तक बरोबर नेत नाही. पहिल्या वर्षी सगळे गोंधळले. एक शेठजी कागद हातात घेऊन विचारत होते, "मग किती लिहू?" मी म्हटले, "काही नाही. तुम्ही दिलं होतंत त्याचं काय झालं, ते सांगायला आलो." त्यांनी आम्हाला चहा पाजला. पेठेत चहाची किंमत फार असते, वाचकहो. तो गिऱ्हाइकाला मिळतो आणि पाहुण्याला मिळतो, याचकाला मिळत नाही.

येथवर सारे गोड झाले. आता दोन अवघड प्रसंग सांगते, कारण लहान संस्थेची परीक्षा तिथे होते.

एका मोठ्या दुकानाच्या मालकांनी एकदम सहा चाकांच्या खुर्च्या देऊ केल्या. अट एकच होती. खुर्चीच्या पाठीवर दुकानाचे नाव मोठ्या अक्षरांत, रंगीत. आमची सभा तीन तास चालली. एक पक्ष म्हणाला, "नाव असल्याने खुर्ची कमी चालते का?" दुसरा म्हणाला, "आजारी माणूस काय जाहिरातीचा फलक आहे?" देणाऱ्याचे नाव लागावे याला माझा विरोध नाही. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, आणि १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाख रुपये दिले, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. आजही ते विद्यापीठ श्रीमती नाथीबाईंच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. पण ते नाव इमारतीला आणि संस्थेला लागले. शिकणाऱ्या मुलीच्या पाठीवर ते कोणी रंगवले नाही. मी मालकांना हेच सांगितले. केंद्राच्या भिंतीवर तुमचे नाव लावू, वार्षिक कागदावर छापू, पण खुर्ची ज्याच्या घरी जाते त्या माणसाला ती आपलीच वाटली पाहिजे. ते म्हणाले, "विचार करतो." पुढे त्यांनी सहाच्या ऐवजी दोन खुर्च्या दिल्या. चार खुर्च्या गेल्या, हे खरे. त्या वर्षी आमच्या यादीतल्या काही घरांना त्यासाठी थांबावे लागले, हेही खरे. तरी आज पुन्हा तोच प्रसंग आला तर मी तेच सांगेन.

दुसरा प्रसंग २०२१ च्या एप्रिलमधला. करोनाची दुसरी लाट होती. किराण्याची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी, आणि बाकीची बहुतेक पेठ बंद. हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारी यंत्रे तेव्हा सोन्याच्या मोलाची झाली होती. आमच्याकडे अशी तीन यंत्रे होती. मागणाऱ्यांची नावे काका क्रमाने वहीत लिहीत, आणि यंत्र मोकळे झाले की पुढच्या नावाला फोन करीत. एका संध्याकाळी एक यंत्र परत आले. वहीत पुढचे नाव घरकाम करणाऱ्या एका बाईचे होते. तिला इस्पितळातून घरी पाठवले होते. त्याखालचे नाव आमच्या पेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यांच्या वडिलांचे. हे व्यापारी आमचे जुने देणगीदार. त्या तिन्ही यंत्रांपैकी एकाच्या किमतीत त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांचा मला फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "बाई, ते यंत्र आमच्याच पैशांचं आहे ना?" मी काय बोलणार होते? डॉक्टरांना विचारले. दोघांचीही गरज सारखीच आहे, ते म्हणाले. मग वही उरली. काकांनी फोनवर एवढेच विचारले, "वही मोडायची का?" आणि आम्ही वही मोडली नाही. यंत्र त्या बाईकडे गेले. व्यापाऱ्यांनी दुसरीकडून, जबर भाडे देऊन, यंत्र मिळवले. त्यांचे वडील बरे झाले. ती बाई मात्र आठव्या दिवशी गेली.

या गोष्टीचे तात्पर्य गोड करून सांगता येत नाही. व्यापारी रागावले आणि त्यांना रागावण्याचा हक्क होता. ज्याच्या बापाचा श्वास अडकलेला आहे त्याला वहीचा न्याय कोणी शिकवू नये. पण देणगीदाराचा नंबर वर सरकला असता, तर आमचे केंद्र त्या दिवसापासून वर्गणीदारांचा क्लब झाले असते. पेठेने आम्हाला दिले होते ते सर्वांसाठी म्हणून दिले होते. तो विश्वास एकाने मोडायला सांगितला म्हणून मोडण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. तो एकजण सर्वांत मोठा देणारा असला तरीही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही त्यांनी काही दिले नाही, आणि आम्ही मागितले नाही. दिवाळीनंतरचा हिशेबाचा कागद मात्र दर वर्षी त्यांच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. पहिल्या वर्षी त्यांनी तो हातातही घेतला नाही. दुसऱ्या वर्षी घेतला आणि न वाचता बाजूला ठेवला. २०२३ साली त्यांनी कागद वाचला, प्राणवायूच्या यंत्रांची ओळ बोटाने दाखवून विचारले, "तीनच आहेत अजून? त्यांच्या जाळ्या बदलल्या का?" काकांनी जाळ्या बदलल्याची तारीख सांगितली. मग त्यांनी पावतीपुस्तक मागितले. ते आमच्याजवळ नव्हते. काका दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. त्या दिवशी चहा झाला की नाही ते काकांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

लहान संस्थांच्या चालकांना मला सांगायचे आहे ते एवढेच. दुकानदार आपल्याला देतो ती एका अर्थी उधारी असते. तो विश्वास उधार देतो. माल उधार नेणारा गिऱ्हाईक वेळेवर येऊन खाते चुकते करतो तेव्हा त्याला पुन्हा माल मिळतो. जो रस्ता बदलून जातो त्याचे नाव चोपडीत लाल शाईने राहते. आपण पैशाने ही उधारी फेडू शकत नाही. आपण ती हिशेब सांगून फेडतो, दिलेल्या वस्तूची निगा राखून फेडतो, आणि प्रसंग आला तर देणाऱ्याला 'नाही' म्हणूनही फेडतो.

आणि नकार देणाऱ्यांविषयीही दोन शब्द. पेठेतल्या काही दुकानांचे भाडे वाढले आहे, गिऱ्हाईक फोनवर गेले आहे, मुलाला दुकानात बसायचे नाही. तो दुकानदार 'यंदा जमणार नाही' म्हणतो तेव्हा त्याला कंजूष म्हणणे फार सोपे असते. आमच्या वार्षिक कागदावर देणाऱ्यांची नावे असतात. न देणाऱ्यांची यादी आम्ही मनातसुद्धा करीत नाही. ज्याने यंदा दिले नाही त्याच्याही घरी उद्या खाट जाऊ शकते, आणि ती इतरांच्या क्रमानेच जाईल.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाची ताटे फिरत असतील. पहिल्या आंघोळीनंतर आमच्या फडके रोडवर तरुण मुलामुलींची अशी गर्दी उसळते की पाय ठेवायला जागा नसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानांत नव्या चोपड्यांवर कुंकवाचे स्वस्तिक निघेल. ज्यांचे हिशेब संगणकावर गेले आहेत तेही एक कोरी वही पूजेपुरती ठेवतीलच. पाडव्याला व्यापाऱ्याचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवशी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात जरूर जा. काही मागू नका. पणत्यांची वात घ्या, उटण्याची पुडी घ्या, मुठीभर बत्तासे घ्या, आणि सुटे पैसे आठवणीने घेऊन जा. शेठजींना नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्या आणि घरच्यांची विचारपूस करा. गावात आपली एखादी लहान संस्था असेल तर तिचे काम त्या दिवसापासूनच सुरू झाले असे समजायला हरकत नाही.